बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या दोघी

रविवार, ११ फेब्रुवारी २००७. शिरूर

बाळासो वकील म्हणाला, जे घडतंय ते तारीख घालून लिहून ठेव, उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर नुसत्या आठवणीला कुणी विचारत नाही. बाळासो माझ्या वर्गातला. सल्ला फुकट देतो, म्हणून मी निम्माच ऐकतो. हा ऐकलाय.

तर आजची हकीकत. सकाळी एक माणूस दारात आला. पंचेचाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात बिस्किटांचा पुडा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. "मीरासाहेब शिंप्यांचं घर हेच ना?" अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी दारात आलं की समजावं, याला काहीतरी पाहिजे आहे.

नाव अमोस भिंगारदिवे. ख्रिस्ती. दौंडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे म्हणाला. आत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "शाकीरभाई, माझी आई सुवार्ताबाई आणि तुमची आई सख्ख्या बहिणी आहेत."

मी हसलो. तो हसला नाही. पिशवीतून एक झेरॉक्स काढली. शिरूरच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचं पान, १९४८ सालचं. त्यात लिहिलंय: सुवार्ता व सुमती, सख्ख्या बहिणी, वय अंदाजे सात व पाच, दौंड स्टेशनवर सापडल्या, आईबाप माहीत नाहीत. त्याचं म्हणणं, दोघी इथल्या मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या. सुवार्ता रेल्वेतल्या माणसाशी लग्न करून दौंडला गेली. आणि सुमतीनं मीरासाहेब शिंप्याशी निकाह लावला, तिची चांदबी झाली. हे त्याला बोर्डिंगात स्वयंपाकाला असलेल्या कुशाबाईंनी सांगितलं. कुशाबाई ऐंशीच्या पुढं आहेत आणि त्यांना नीट दिसत नाही. साक्षीदार म्हणून शून्य.

अम्मी बार्शीकडची. तिची माणसं पटकीच्या साथीत गेली. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

अम्मी आतून आली. त्याच्या हातातला कागद घेऊन तिनं वाचला. (अम्मीला मराठी वाचता येतं, उर्दू येत नाही.) बराच वेळ वाचला, दोन ओळींच्या मानानं फारच वेळ. मग म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई," आणि आत गेली. कागद मात्र तिच्याच हातात राहिला.

मी त्या माणसाला सांगितलं, पुन्हा येऊ नका. तो बिस्किटांचा पुडा ठेवून गेला. मी कुणाला खाऊ दिला नाही.

१३ फेब्रुवारी

रात्रपाळीवाल्यांचा माल तपासताना डोक्यात हेच. मी रांजणगावच्या एका कंपनीत आहे, बाहेरून आलेले पार्ट तपासून घ्यायचे किंवा परत पाठवायचे हे माझं काम. बावीस वर्षांत एक गोष्ट शिकलो: पार्ट फार चकचकीत असला की समजायचं, खाली काहीतरी लपवलंय.

याला काय पाहिजे ते मला कळलं. कारेगावची जागा. अब्बांनी अम्मीच्या नावावर घेतली तेव्हा तिथं बाभळी होत्या. आता एमआयडीसी झाली, आपण खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्यात. अम्मीला बहीण निघाली की बहिणीला मुलगा निघतो आणि मुलाला वकील.

आसमीनला हे सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बिस्कुटं घेऊन आला होता तो. सुरी घेऊन नाही."

बायकोचा स्वभाव भोळा आहे, हेही इथं लिहून ठेवतो.

रविवार, १८ फेब्रुवारी

दौंडला जाऊन आलो. घरी सांगितलं, कंपनीचं काम आहे. मोटारसायकलवर न्हावऱ्यामार्गे. आधी स्टेशनवर चौकशी केली. अमोस भिंगारदिवे नावाचा माणूस सिग्नलच्या खात्यात खरोखरच आहे. यानं काही सिद्ध होत नाही, लबाड माणसंही नोकरी करतात.

मग त्यांच्या क्वार्टरवर गेलो. बाहेरूनच बघून परतायचा विचार होता. पण ओसरीवर एक म्हातारी बसली होती, पांढरं लुगडं, अंगावर स्वेटर. तिनंच हाक मारली, "ये की. लांब का हुबा?" मी जवळ गेलो. तिनं माझा हात धरला. हात थंडगार होता पण पकड सोडवेना. म्हणाली, "सुमीला आणलंस?"

मी म्हटलं, "कोण सुमी?"

"मागं राहिली ती. गाडी सुटंल ना."

तेवढ्यात अमोस बाहेर आला. मला बघून ओशाळला आणि मग आनंदला, ते आणखी वाईट. सांगायला लागला की आई गेल्या वर्षापासून विसरायला लागली आहे. त्याच्या बायकोला ओळखत नाही, त्याला कधी ओळखते कधी नाही, पण दिवसभर सुमी जेवली का, सुमी कुठं गेली, एवढंच. वडील असेपर्यंत घरात सुमीचं नाव निघालेलं त्यानं ऐकलं नव्हतं. म्हणून तो रजिस्टर शोधत शिरूरला आला.

चहा घेतला नाही. परत येताना विचार केला: म्हातारीला हे शिकवणं अवघड नाही. दोनच तर वाक्यं आहेत. फक्त हाताच्या पकडीचं मला कळत नाही. ती कुणी शिकवली असेल?

२१ फेब्रुवारी

यवतहून फोन. आमच्या मुलीला, बुशराला, ज्यांनी पसंत केलंय ती माणसं. मुलगा झिशान कुरकुंभला औषधांच्या कंपनीत आहे, शिफ्टमध्ये, परमनंट. बुशरालाही तो आवडलाय, हे तिनं सांगितलं नाही पण मला दिसतं. झिशानचे वडील म्हणाले, तारीख पक्की करायला मे महिन्यात सगळी मोठी माणसं येऊ. घराणं जुनं आहे, चारचौघांत मान आहे. अशा वेळी दौंडचं हे लचांड त्यांच्या कानावर गेलं तर?

हे कुणी मुद्दाम केलं नसेल ना? बुशरासाठी घोडनदीच्या एका घरानंही विचारलं होतं, आपण नाही म्हटलं. बाळासोला विचारतो.

२७ फेब्रुवारी

बाळासो म्हणाला, "शाक्या, तुला गोळ्या चालू करायला पाहिजेत."

२ मार्च

अम्मी दुपारची कुठं जाते? आसमीन म्हणते, डॉक्टरकडे. मी हाफ डे टाकला आणि मागं गेलो. आपल्याच आईच्या मागं जाणं बरं दिसत नाही, पण तिला कुणी फसवत असेल तर बघायला नको?

अम्मी चर्चच्या कंपाउंडपाशी गेली. आत गेली नाही. रस्त्याच्या कडेला बुरखा सावरून उभी राहिली. आत मुलं खेळत होती. एक शिक्षिका बाहेर आली, तिनं काहीतरी विचारलं, अम्मीनं मान हलवली. मग घरी निघाली. वाटेत गवारीची भाजी घेतली, घासाघीस करून.

घरी मी विचारलं, "कुठं गेली होतीस?"

"भाजीला."

चाळीस वर्षांत अम्मी माझ्याशी खोटं बोललेली मला माहीत नाही. त्या माणसानं तीन आठवड्यांत ते करून दाखवलं.

रविवार, ४ मार्च

अमोस पुन्हा आला. यावेळी मीच बोलावलं. मला एक युक्ती सुचली आहे. पेपरात डीएनएचं वाचलं होतं, पुण्यात एका खाजगी लॅबमध्ये नमुने घेतात. मी म्हणालो, "कागदावर कुणीही काहीही लिहील. टेस्ट करू. निम्मा खर्च तुमचा, निम्मा माझा. जुळलं तर मी मानेन. नाही जुळलं तर पुन्हा या घराची पायरी चढायची नाही."

मला वाटलं होतं तो काचकूच करेल. तो लगेच हो म्हणाला. फार लगेच.

कच खाल्ली अम्मीनं. "टेस कशाला? काय गरज न्हाई त्याची."

"का? भीती वाटते?"

"भीती कसली. तुला इस्वास न्हाई का माझ्यावर?"

"तू तर म्हणालीस तुला काय माहीत नाही."

अम्मीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणजे तिलाही हे खोटं असल्याची शंका आहे आणि उगाच म्हातारीचं मन मोडायला नको, असं तिला वाटतंय. अम्मीचा स्वभावच तसा आहे. थोड्या वेळानं अमोसकडे बघून तिनं विचारलं, "लॅबीत दोगींनाबी यावं लागतं का?"

"हो मावशी. दोघींना."

"मग करा," अम्मी म्हणाली.

मावशी म्हणाला तो. मी टोकणार होतो, पण आसमीननं मध्येच चहा आणला.

रविवार, १८ मार्च

पुण्याला जाऊन आलो. आज सविस्तर लिहायला पाहिजे, कारण आज मी दोघींना एकत्र बघितलं आणि माझं सगळं लक्ष तिथं होतं.

लॅब पहिल्या मजल्यावर. बाहेर बाकडी. आम्ही पोचलो तेव्हा दौंडची मंडळी आधीच बसली होती. अम्मी जिन्यात थांबली. मला वाटलं दम लागला. हात पुढे केला तर तिनं तो घेतला नाही. बुरख्याची जाळी वर केली, पदरानं तोंड पुसलं आणि चालत बाकाकडे गेली.

मी ठरवलं होतं, ओळखतात का नीट बघायचं. खऱ्या बहिणी इतक्या वर्षांनी भेटल्या तर रडतील, गळ्यात पडतील. तसलं काही झालं नाही. सुवार्ताबाईंनी वर बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली. अम्मी बसली. सुवार्ताबाई म्हणाल्या, "कवापासून बसलेय मी."

अम्मी म्हणाली, "उशीर झाला."

"जेवलीस?"

"जेवले."

"खोटं."

अम्मीनं पिशवीतून डबा काढला. सकाळी सहाला निघताना ती खाल्ल्याशिवाय निघाली, हे मला माहीत होतं, यांना कसं कळलं? (अंदाज असावा. म्हातारी माणसं सकाळी खात नाहीत.) दोघींनी एका डब्यातून चपाती खाल्ली. मग लॅबवाला धावत आला, नमुन्याआधी खायचं नसतं म्हणाला, चूळ भरायला लावली, अर्धा तास थांबवलं. सुवार्ताबाई हसायला लागल्या, अम्मीही. तोंडावर हात धरून, शाळेतल्या पोरी हसतात तसं. अम्मीला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

लॅबवाल्यानं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, बंद पाकिटात घातली, पाकिटावर माझी आणि अमोसची सही घेतली. मी पाकिटं दोनदा तपासली. त्यानं सांगितलं, आईकडून मुलांना जाणारा एक भाग असतो, आई एक असेल तर दोघींत तो जुळायलाच पाहिजे. निकाल महिन्याभरात.

निघताना सुवार्ताबाई अम्मीचा हात सोडेनात. अमोसनं एकेक बोट सोडवलं. गाडीत अम्मी शिरूरपर्यंत रिकामा डबा मांडीवर धरून बसली. मला वाटतं, फसवणुकीचा तिलाही ताण आला असणार.

२६ मार्च

अम्मी रोज दुपारी दौंडला फोन करते. मी सुटीच्या दिवशी दाराआडून ऐकलं. जमिनीबद्दल काही नाही. खरं तर कशाबद्दलच काही नाही. अम्मी म्हणते, "आज घेवडा केला," मग बराच वेळ गप्प, मग "व्हय," मग "तुला आवडायचा न्हाई." आणि एकदा म्हणाली, "मी हितंच हाय. गाडी न्हाई सुटली."

यात सांकेतिक भाषा असेल असं वाटत नाही. पण नोंद करून ठेवतो.

शुक्रवार, १३ एप्रिल

रिपोर्ट आला!

जुळत नाही. इंग्रजीत आहे, पण मी दोनदा वाचला आणि बाळासोकडूनही वाचून घेतला. दोघींची आई एक असू शकत नाही. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

अमोसला फोन लावला. मी साध्या आवाजात सांगितलं, उगाच मिरवलं नाही. त्यानं निकालाची ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "शाकीरभाई, राग मानू नका. लॅबमध्ये ओळखीचं कुणी होतं का तुमच्या?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे नमुना बदलला वगैरे..."

मला इतका संताप आला की फोन ठेवून दिला. पाकिटांवर सह्या दोघांच्या, समोर दोघं उभे, आणि हा माझ्यावर संशय घेतो? काही पुरावा नाही, काही नाही. माणसानं इतकं संशयी असू नये.

अम्मीला उद्या सांगेन.

शनिवार, १४ एप्रिल

सांगितलं. अम्मी अंगणात बसून चिंचा फोडत होती. मी रिपोर्ट समोर धरला आणि म्हणालो, "अम्मी, वाईट वाटून घेऊ नको. ती तुझी बहीण नाही."

तिनं कागदाकडे बघितलंही नाही. "मला म्हाईत हाय," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती माझी बहीन न्हाई हे."

चिंचेवर दगड मारत राहिली. मग सांगायला लागली. ती जे बोलली ते जमेल तसं तिच्याच शब्दांत लिहितो.

"मी स्टेशनात हुते. कुणी सोडलं, कसं सोडलं, मला आटवत न्हाई. नुसती गर्दी आटवती, आन् कुणाचा तरी हात सुटला ते. ती तितं आदीच हुती. तिची आई तापानं गेली हुती, मालधक्क्यापाशी. तिच्याकडं भाकरीचा तुकडा हुता, तिनं निम्मा दिला. दोनतीन दिस आमी बाकाखाली ऱ्हायलो. मग मिशनची बाई आली. म्हनली, बोर्डिंगात जागा एकच हाय. एकीला नेते, दुसरीला पुन्याला लावून देते. आन् नुसतं बोलता बोलता म्हनली, सख्ख्या बहिनी असत्या तर तोडलं नसतं. तर ही पुढं झाली. म्हनली, ही माझी बहीनच हाय, हिचं नाव सुमी. मला नाव सांगता येत न्हवतं. मी मान हलवली. बाईनं तसंच लिवलं."

मी म्हणालो, "म्हणजे त्या रजिस्टरात खोटं लिहिलंय."

"खोटं कसं? त्याच्याम्होरं तेरा वर्सं एका गोदडीत निजलो आमी."

"आणि बार्शी?"

"बार्शी तुज्या दादीनं सांगितली. म्हनली, कुनी इचारलं तर बार्शी म्हन. तुज्या अब्बाला समदं म्हाईत हुतं."

मी विचारलं, इतकी वर्षं दौंड एवढ्या जवळ, मग गेली का नाहीस? तर म्हणाली, एकदा गेले होते, तू पोटात होतास. सुवार्ताचा नवरा दारात होता. त्यानं सांगितलं, धरम सोडलेल्या बाईनं या घरात यायचं नाही. ती आतून रडत होती ते ऐकू येत होतं. "मग तिला तरास नगो म्हनून परत न्हाई गेले."

"टेस्ट जुळणार नाही हे तुला माहीत होतं, मग हो का म्हणालीस?"

अम्मीनं पहिल्यांदा वर बघितलं.

"तू मला दौंडला नेलं नसतंस, शाकीर. लॅबीत नेलंस."

मी उठून बाहेर गेलो. पाषाण मैदानापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

मला राग कशाचा आलाय ते नीट लिहिता येत नाही. अब्बांना माहीत होतं. दादीला माहीत होतं. ती विसरभोळी म्हातारी, तिलासुद्धा माहीत. मला कुणी सांगितलं नाही. मी काय परका होतो?

१९ एप्रिल

अम्मीनं अमोसला सगळं सांगितलं. त्याचा मला फोन आला, माफी मागितली. मग म्हणाला, "आई तेव्हा खोटं बोलली होती, हेच तिला आता आठवत नाही, शाकीरभाई. तिच्या डोक्यात मावशी खरीच बहीण आहे. रिपोर्ट मी तिला दाखवणार नाही."

मी म्हणालो, "दाखवू नका."

एवढंच बोललो. जमिनीबद्दल त्यानं आजही काही काढलं नाही. मीच दोन वेळा विषय त्या बाजूला नेला होता.

२९ एप्रिल

नवीन संकट. अमोसला ट्रेनिंगला भुसावळला जायचंय, त्याची बायको बाळंत मुलीकडे. अम्मीनं जाहीर केलं, सुवार्ता इकडे राहील.

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी यवतची माणसं येणार आहेत. तारीख पक्की करायला. त्यांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं ते तू सांग. न्हाईतर मी तिच्याकडं जाते."

आसमीननं मागची खोली झाडून ठेवली होती. मला विचारायच्या आधीच.

रविवार, ६ मे

यवतची माणसं आली होती. झिशानचे वडील, आई, थोरले चुलते, आणखी दोघं. बिर्याणी चांगली झाली होती. ठरलं असं होतं की सुवार्ताबाई मागच्या खोलीत राहतील, बुशरा त्यांच्यापाशी बसेल. पण पाहुण्यांनी बुशराला भेटायला बोलावलं. ती बाहेर आली आणि मागचं दार उघडं राहिलं.

जेवणं झाली, तारखेचं बोलणं निघालं. झिशानचे वडील सुपारी कातरता कातरता म्हणाले, "शाकीरभाई, एक विचारू का? राग मानू नका. आमच्या कानावर आलंय, दौंडचे कुणी ख्रिश्चन लोक तुमच्याशी नातं लावायला बघतायत. आम्ही म्हटलं, अफवा असणार. लोकांना काय, लग्नं मोडायला निमित्त पाहिजे."

किती नीट रस्ता दिला होता त्यांनी. मला फक्त हो म्हणायचं होतं. रिपोर्ट कपाटात, वरच्या खणात. काढून समोर ठेवला असता, हे बघा, लॅबनं लिहून दिलंय, आमचा संबंध नाही. आणि ते खरंच होतं. माझं सगळं आयुष्य खरं काय ते तपासण्यात गेलंय.

तेवढ्यात सुवार्ताबाई बाहेर आल्या. पांढरं लुगडं, स्वेटर, मेच्या उन्हात. सगळ्या पाहुण्यांतून वाट काढत अम्मीजवळ जाऊन सतरंजीवर बसल्या आणि तिला म्हणाल्या, "हितं हाईस व्हय."

चुलत्यांनी विचारलं, "या कोण?"

मी अम्मीकडे बघितलं. अम्मी माझ्याकडे बघत नव्हती. सुवार्ताबाईंच्या स्वेटरचं बटण लावत होती. एवढं मोठं आयुष्य हिनं माझ्या मदतीशिवाय काढलं, आताही ती माझ्याकडून काही मागत नव्हती. मागितलं असतं तर मी कदाचित विचार केला असता.

मी म्हणालो, "या माझ्या खाला. अम्मीची मोठी बहीण. सुवार्ताखाला. दौंडला असतात."

"सुवार्ता?" चुलते म्हणाले.

"हां. ख्रिश्चन आहेत."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. आसमीननं पाण्याचे ग्लास उचलले. झिशानचे वडील अम्मीला म्हणाले, "म्हंजी चाची, तुम्ही..."

"व्हय," अम्मी म्हणाली. "मी मिशनात वाढले. निकाह झाला तवापासून नमाज चुकवली न्हाई."

चुलते उठले. बाकीचेही उठले. झिशानची आई जाता जाता थांबली, सुवार्ताखालांना सलाम केला. सुवार्ताखाला त्यांना म्हणाल्या, "जेवून जा." तारखेचं बोलणं अर्धवट राहिलं. फोन करू म्हणाले.

बुशरा स्वयंपाकघरात भांड्यांपाशी उभी होती. मी म्हणालो, "बेटा, मी तुझं नुकसान केलं असेन." ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही खाला म्हणालात तेव्हा दादी कशी बसली होती, बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. मी चुलत्यांकडे बघत होतो.

१० मे

फोन नाही.

१३ मे

फोन नाही. आज मी कुणालाही दोष द्यायला शोधला नाही, कारण दोष माझाच आहे. सुवार्ताखालांना संध्याकाळी अंगणात फिरवलं. त्या मला अमोस समजतात. मी दुरुस्त केलं नाही.

१५ मे

आसमीन म्हणते, झिशानचा बुशराला मेसेज आला होता. काय ते सांगत नाही. आमच्या घरात आता सगळेच माझ्यापासून काहीतरी लपवतात. पूर्वीही लपवत असतील.

शुक्रवार, १८ मे

जुम्म्याची नमाज पढून आलो तर यवतहून फोन. झिशानचे वडील. आवाज कोरडा. म्हणाले, घरात बरीच बोलणी झाली. थोरले भाऊ नाराज आहेत, ते येणार नाहीत. बायको हट्टाला पेटली आहे आणि मुलगा जेवत नाही. मग म्हणाले, "ते जाऊ द्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात करू. मला एवढं सांगा, वलीम्याच्या जेवणाचा आचाऱ्याला अंदाज द्यायचाय. तुमच्या दौंडकडचे किती धरू?"

म्हणालो, विचारून सांगतो.

अमोसला फोन लावला. भुसावळहून परत आलाय, कामावर होता, मागं गाडीचा आवाज. सांगितलं, बुशराचं ठरलं, यवतला वलीमा आहे, सगळ्यांनी यायचं. तो म्हणाला, "शाकीरभाई, येतो. पण तिथं कुणी विचारलं तर मी तुमचा कोण म्हणून सांगू?"

"मावसभाऊ," मी म्हणालो. "दुसरं कोण?"

त्याच्या मागून गाडी धडधडत गेली. मग म्हणाला, "आम्ही सहा. आई धरून सात."

मी यवतला फोन करून नऊ सांगितले. ऐनवेळी एखाददुसरा वाढतोच. आपल्या माणसांचा काही भरवसा नसतो.